बावीस तारखेच्या आधी

प्रिय मानू,

अनेक आशीर्वाद. फोन असताना हे काय पत्राचं खूळ, असं म्हणशील. पण फोनवर मी दोन मिनिटांत तापतो आणि तू "हो बाबा, ठीक आहे बाबा" म्हणून विषय मिटवतेस. बावीस तारखेला तुझी आणि सुमीतची घटस्फोटाच्या कागदांवर शेवटची सही आहे. त्याआधी माझं बोलणं तू पूर्ण ऐकायला हवंस. शेजारचा सुहास उद्या सकाळच्या बसने इंदूरला येतोय, त्याच्या हाती हे देतो.

इकडे सगळं ठीक. सिंहस्थाच्या नावाखाली नानाखेड्यापर्यंतचे रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे ऑटोवाले मनाला येईल ते भाडं मागतात आणि मी रोज एकाशी तरी भांडून येतो. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती तरी बरा म्हणते. उषाआत्याचं फॉल-पिकोचं मशीन सकाळी नऊला सुरू होतं ते थेट दिवेलागणीपर्यंत. लग्नसराई आहे ना.

एप्रिलमध्ये तू सामान घेऊन आलीस तेव्हा मी तुला राम घाटावर नेलं होतं. आपल्या गुरुजींसमोर तुझ्या हातावर पाणी घालून ते सोडायला लावलं: त्या घरातलं काही नको, फ्लॅट नको, पोटगी नको. तू गुपचूप सोडलंस. पायऱ्या चढताना माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू? आपण कुणापुढे हात पसरत नाही, हे मी त्या आठवड्यात निदान पंधरा जणांना ऐकवलं. तुझा चेहरा मात्र मी पाहिला नाही.

मागच्या मंगळवारी तुझ्या वकीलबाईंकडे गेलो. कागद बघायला म्हणून गेलो होतो, पण मनातून शाबासकीच हवी होती. तिवारी मॅडमनी चौथं पान माझ्यापुढे सरकवलं. फ्लॅट सुमीतकडे, तू तुझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र देणार, आणि कर्ज मात्र दोघांच्या नावावर तसंच! मॅडम म्हणाल्या, "अंकल, घर वो रखेंगे, और कल किस्त रुकी तो बैंक आपकी बेटी को ढूँढेगा।" मानू, एकतीस वर्षं मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलो. सही करण्याआधी वाचा हो, म्हणून शेकडो लोकांच्या डोक्याशी कटकट केली. आणि पोटच्या मुलीचा कागद मात्र मी तोवर वाचलाच नव्हता. कान तापले माझे.

पुढचं जास्त लागलं. पहिल्या मसुद्यात तुझा निम्मा वाटा लिहिलेला होता. सुमीतने तो स्वतःहून लिहवून घेतला होता, पोरगा तसा वाईट नाही. मॅडम म्हणाल्या, "वो लाइन बिटिया ने खुद कटवाई।" तुझा पीएफ मोडून भरलेली पहिली रक्कम, सात वर्षं तुझ्या पगारातून गेलेले निम्मे हप्ते, सगळं तू एका रेघेने खोडलंस. कुणासाठी, हे मला मॅडमना विचारावं लागलं नाही.

तिथून निघालो तो घाटावर गेलो. गुरुजींना विचारलं, सोडलेलं पाणी परत घेता येतं का. ते एका यजमानाचं पिंडदान उरकत होते. हात धुऊन आले आणि हसले, "बाबूजी, संकल्प आपका और पानी बिटिया के हाथ से? ऐसा दान लगता ही नहीं।" दक्षिणाही घेतली नाही. वर म्हणाले, प्रसाद घरी न्या आणि शांत बसा. मला शांत बसायला सांगणारा हा दुसराच माणूस, पहिली तुझी आई.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. उषाचं लग्न मोडलं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं, बाई, तुमचं काय मागणं आहे? उत्तर मी दिलं. आम्हाला काही नको. तिने मान हलवली. नातेवाइकांनी वर्षभर माझं कौतुक केलं, भाऊ असावा तर असा. आणि ती चौतीस वर्षं आपल्या मधल्या खोलीत फॉल लावत बसली, जिथून आपण सगळे येता-जाता वाट काढतो. परवा मी तिला पहिल्यांदा विचारलं, उषा, तुला तेव्हा काय हवं होतं? तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "एक खोली. आतून कडी लावता येईल अशी."

मला रडू आलं, तुला म्हणून सांगतो. तिला नाही आलं. ती म्हणाली, "दादा, मला विचारलंस तसं मानूला विचार. फक्त तिला सहीच्या आधी विचार." काल सुतार बोलावून वरची खोली तिच्यासाठी नीट करायला घेतली आहे. उशीर झाला हे कळतं मला. तरी ती दोनदा वर जाऊन खिडकीचं माप घेऊन आली, पडद्यासाठी.

म्हणून हे पत्र. मानू, तुला काय हवं आहे? निम्मा फ्लॅट, त्याचे पैसे, की कर्जातून फक्त नाव सुटायला हवं? काहीच नको असेल तर तेही चालेल, पण ते तुझं स्वतःचं असू दे. मॅडम म्हणतात, कलम अजून बदलता येतं, फार तर तारीख थोडी पुढे जाईल. चांगली नोकरी आहे, चांगलं डोकं आहे, पुढचं आयुष्य तू छान उभं करशील, याची मला जराही शंका नाही. तेव्हा नीट विचार कर आणि काय ठरलं ते मला कळवू नकोस. थेट मॅडमना सांग.

तुझाच,
बाबा