दोनशे बारा चष्मे

१ तारीख, गुरुवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाहीये, तरी अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. एका पानावर सात ओळी बसतात. हल्लीच्या वह्यांची पानंच लहान.

काल क्लबच्या मिटिंगमध्ये जुन्या चष्म्यांचा उपक्रम माझ्याकडे आला. हा कोण घेतंय, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा सगळे चहाच्या कपात बघत होते. म्हणजे मूक संमती. योजना अशी: लोकांकडून वापरात नसलेले चष्मे गोळा करायचे. आपल्या क्लबात एक चष्मेवाले आहेत, कोपऱ्यावर दुकान आहे त्यांचं, ते प्रत्येक चष्म्याचा नंबर मोजणार. अठरा तारखेला शिबिर. ज्यांना परवडत नाही त्यांनी यायचं, डोळे तपासायचे, आपल्या नंबरचा चष्मा घेऊन जायचं. ज्यांचा नंबर ढिगात सापडणार नाही त्यांना नव्या काचा, त्यासाठी निधी.

चोवीस तारखेला क्लबच्या नव्या अध्यक्षाची निवड आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. फक्त तारखा जवळ आल्यात.

३ तारीख, शनिवार.

पेटीचं उद्घाटन केलं. पहिलं दान सामान्य माणसाच्या हातून घ्यायचं आणि फोटो काढायचा, ही क्लबची पद्धत. तासभर थांबलो, सामान्य माणूस फिरकला नाही. शेवटी पेटी उचलून आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंकडे गेलो. त्यांचा चष्मा अगदी हवा तसा: एक काच तडकलेली, दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेला.

ताई म्हणाल्या की हा वापरातला आहे, याच आठवड्यात काच बदलणार होते. म्हटलं, कशाला खर्च करता, पंधरा दिवसांत फर्स्ट क्लास चष्मा फुकट मिळेल, यादीत पहिलं नाव तुमचं, प्रमुख मी आहे. म्हणाल्या की शाळेच्या चाळीस शर्टांची ऑर्डर आहे, सव्वीसला द्यायची, उशीर झाला तर पुढच्या वर्षी शाळा दुसरीकडे जाईल. म्हटलं, तोवर कटिंग उरका. त्या म्हणाल्या की कटिंगलाही दिसावं लागतं, भाऊ. मी समाजासाठी त्याग या विषयावर थोडं बोललो. दहा-बारा मिनिटं.

टाकला चष्मा. दोनदा पेटीच्या बाहेर पडला, मग मी हात धरून दाखवलं. फोटो छान आला. आकाशी शर्ट मला उठून दिसतो.

४ तारीख, रविवार.

पेपर टेबलावर ठेवून उभ्यानं वाचायला सुरुवात केली. पाठीला चांगलं असतं. ही म्हणाली की डोळे तपासून घ्या. माझे डोळे पंचविशीतल्या माणसाचे आहेत. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे मी मोजून दाखवतो. पेपरवाल्यांनी शाईत काटकसर चालवलीये, त्याला मी काय करू?

७ तारीख, बुधवार.

निधीसाठी चहापान झालं. कुपनं मी स्वतः खपवली. आमच्या साडूनं आठ घेतली, तो आता फोन उचलत नाही. भाषण माझंच. लोक इतके रंगले की बऱ्याच जणांनी डोळे मिटून ऐकलं.

पंधरा माणसांच्या नव्या काचा होतील एवढे जमले. अध्यक्षांनी बजावलं की हे काचांचेच. मी त्यावर खोल विचार केला. काचा पंधरा माणसांना, पण शिबिर आहे हेच कळलं नाही तर माणसं येणार कुठून? म्हणजे आधी प्रचार. काचांचं नंतर बघता येईल.

९ तारीख, शुक्रवार.

बॅनर लागला. बारा फूट बाय आठ फूट, मुख्य चौकात. मध्यभागी उद्घाटनाचा फोटो. ताईंचा हात आलाय, बाकी मी. माझा चेहरा दुचाकीएवढा आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात, काही हसतात. प्रसन्न फोटोचा तो फायदा.

निधी संपला. प्रचाराला कमी पडत होते ते पदरचे घातले. हिला सांगितलेलं नाही.

१० तारीख, शनिवार.

पेट्या भरभरून आल्या. एकूण दोनशे बारा चष्मे. चष्मेवाल्यांच्या दुकानात पोचवले. हा माणूस मिटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही, दुकानातही तेच. म्हणाला की बघतो, आणि यंत्राला डोळा लावून बसला. अशा माणसांना पुढे येण्याची इच्छाच नसते.

१२ तारीख, सोमवार.

जिन्यात ताई भेटल्या. माझा जुना चष्मा परत मिळेल का, तोवर काढते दिवस, म्हणाल्या. समजावून सांगितलं की तो आता क्लबच्या स्टॉकला आहे, मध्येच एक काढला तर शिस्त राहत नाही. सहाच दिवस तर राहिले.

ही रोज सकाळी खाली जाऊन त्यांना वीस-पंचवीस सुया ओवून देते आणि मशीनचा दोरा घालून देते. मला न विचारता. तशी ही सेवा क्लबच्या नावावर मांडता आली असती.

१४ तारीख, बुधवार.

ताईंच्या बोटात मशीनची सुई गेली. ही त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. नखातून आरपार. पट्टी बांधलीये, तशाच कॉलर लावत बसल्यात. ही घरी आल्यावर बॅग भरून बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली की दोन दिवस तिकडे आहे, फ्रिजमध्ये आहे ते खा आणि काही करू नका.

वाईट वाटलं. म्हणून ठरवलं, शिबिर असं करायचं की ताईंना वाटावं, बोट गेलं ते सार्थकी लागलं.

१५ तारीख, गुरुवार. दुपार.

चष्मेवाल्यांनी सगळे चष्मे घरी पाठवले. पाच दिवस आणि पाच रात्री बसला म्हणे. फोनवर त्याचा भला मोठा मेसेज आलाय. फोन कंपन्यांनी अक्षरं फारच बारीक केलीत. अभिनंदनाचाच असणार. अंगठा पाठवला.

चष्म्यांची अवस्था बघून मात्र कपाळाला हात लावला. धूळ, डाग, आणि प्रत्येक दांडीला कागदाची एकेक चिकट चिठी. लोक दुकानातल्या किमतीसुद्धा काढत नाहीत. हे असलं फोटोत कसं दिसेल? ही घरी नाही, म्हणजे मोकळीक आहे.

१६ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी ६.

दीड दिवस. एकट्यानं. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, दोनशे बारा चष्मे. चिठ्या फार घट्ट होत्या, नखांनी खरवडून काढल्या. एक शिल्लक ठेवली नाही. एका चष्म्याच्या दांडीला कळकट दोरा होता तोही सोडला आणि दांडी गोंदानं चिकटवली. आता सगळे रांगेत मांडलेत, एकसारखे चमकतायत. आयुष्यात इतकं नेटकं काम मी ऑफिसातही केलं नव्हतं.

कचऱ्याची पिशवी नेऊन टाकली.

१७ तारीख, शनिवार.

ही परत आली. टेबल बघून एकदम खुर्चीवर बसली. म्हणाली की चिठ्या कुठायत. किमतीच्या चिठ्या टाकल्या, म्हटलं. तिनं माझा फोन घेतला, मेसेज वाचला, फोन ठेवला. मग म्हणाली की उद्या तुमचं तुम्ही बघा.

दमली असेल प्रवासानं.

१८ तारीख, रविवार. शिबिर.

सकाळी १०. शाळेच्या हॉलमध्ये एकशे तीस माणसं. पहिल्या खुर्चीवर ताई, बोटाला पट्टी, सोबत ही. चौकातला बॅनर काढून इथे आणून लावला.

१०.२०. चष्मेवाले आले. टेबलाशी उभे राहिले. एक चष्मा उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मला विचारलं की नंबरच्या चिठ्या. मी विचारलं की कुठल्या नंबरच्या. मग तेही खुर्चीवर बसले. हल्ली लोक फार बसतात.

१०.३०. कळलं. प्रत्येक चिठीवर त्या चष्म्याचा नंबर होता. मेसेजमध्ये लिहिलं होतं: चिठ्यांना हात लावू नका. परत मोजायचे तर पुन्हा पाच दिवस. अध्यक्ष म्हणाले की निदान निधीतून पंधरा जणांच्या काचा करू. मी बॅनरकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी बराच वेळ बॅनरकडे बघितलं.

१०.४५. प्रमुखानं अशा वेळी डगमगायचं नसतं. जाहीर केलं की प्रत्येकानं घालून बघावं, ज्यातून स्वच्छ दिसेल तो आपला. त्यानंतरचं नीट सांगता येत नाही. वॉचमनला एका चष्म्यातून पायऱ्या जवळ दिसल्या, त्या नव्हत्या. दोन बायका एकाच फ्रेमसाठी भांडल्या, नंबर दोघींचाही नव्हता. एक आजोबा तीन चष्मे एकावर एक लावून बसले आणि म्हणाले की बरं दिसतंय. चष्मेवाले सगळ्यांना सांगत फिरत होते की चुकीचा नंबर घालू नका, डोकं धरेल. बाराच्या सुमाराला लोक उठून गेले. निम्मे चष्मे न घेता, बाकीचे शिव्या देऊन.

१२.३०. ताई मात्र बसून होत्या. नवा नको, माझा तेवढा जुना द्या, म्हणाल्या. दोरा असलेला. म्हटलं, दोरा मी काढलाय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पट्टीच्या बोटानं पुसलं. चाळीस शर्टांतले तीनच झाले होते.

मी ट्रे उचलला. एकेक चष्मा त्यांच्या हातात द्यायचा, त्यांनी घालायचा, मान हलवायची. तडकलेला तो काढून द्या, असं चष्मेवाले म्हणाले. मी म्हटलं की मला तर एकही तडकलेला दिसत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशात हात घालून माझ्या नाकावर एक चष्मा ठेवला. बायकी फ्रेम, कोपऱ्यात फुलं.

ट्रेमध्ये किमान तीस तडकलेले होते. माझ्या नखांमध्ये कागद होता. शर्टाच्या बाहीला एक चिठी चिकटली होती. बारीक, सुबक अक्षरात नंबर, आणि खाली लिहिलं होतं: काच सैल आहे, जपून.

दीड वाजता ताईंचा चष्मा सापडला. त्यांनी घातला. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग वर बॅनरकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाल्या की भाऊ, बटणं एक घर चुकलीत. इथंही आणि तिथंही.

बॅनरकडे बघितलं. चुकली होती. नऊ दिवस चौकात, बारा फूट बाय आठ.

१९ तारीख, सोमवार.

ताईंच्या दोन्ही काचा चष्मेवाले स्वतःच्या दुकानातून बदलून देणार आहेत. गुरुवारी मिळतील. तोवर तडकलेल्यावर काम. मी हिला म्हटलं की मीही काही मदत करावी म्हणतो. हिनं माझ्या हातात बटणांचा डबा दिला. एका शर्टाला सात. चाळीस शर्ट.

फुलांचा चष्मा अजून घालतोय. उपक्रमाचा प्रचार म्हणून.

२१ तारीख, बुधवार.

ताईंकडे बसायला जागा नव्हती, म्हणून बॅनर खाली अंथरलाय. माझ्या कपाळावर कापडाचे तुकडे पडलेले असतात. मशीन माझ्या डाव्या गालावर आहे.

आज सुई ओवायला अकरा मिनिटं लागली. ताईंनी घड्याळ बघून सांगितलं. वीस सुया रोज, वर पोळ्या-भाजी, ही कशी करायची कोण जाणे.

२४ तारीख, शनिवार.

निवड झाली. अध्यक्षांनी विचारलं की अजून कुणाचं नाव सुचवायचंय का. सगळे चहाच्या कपात बघत होते. या वेळी चष्मा होता. कप रिकामे होते.

चष्मेवाले निवडून आले. एकमतानं. भाषण करा म्हटल्यावर म्हणाले की सोमवारपासून परत मोजायला घेतो, कुणी चिठ्या लिहायला येईल का. आठ हात वर गेले. माझाही होता. चष्मेवाले म्हणाले की तुम्ही ताईंकडचं संपवा आधी.

२६ तारीख, सोमवार.

शाळेचा माणूस नऊला आला. चाळीस शर्ट मोजून घेतले, पुढच्या वर्षीचंही तुम्हीच बघा, म्हणाला. ताईंनी दारातूनच मला बोटानं खूण केली. पट्टी निघालीये.

नंतर हिच्याकडून कळलं. मी बटणं लावलेले अकरा शर्ट ताईंनी काल उसवून परत लावले. बटणं एक घर वर गेली होती. भाऊंना सांगू नका, म्हणाल्या होत्या, त्यांनी मनापासून केलंय.

दुपारी नव्या अध्यक्षांचा फोन. अहवालाला शिबिरातल्या लाभार्थ्यांची संख्या हवीये, योग्य चष्मा घेऊन घरी गेले असे किती. सगळं आठवून बघितलं. दोन, म्हटलं. त्यांनी नावं विचारली. एक ताई. दुसरं सांगायला मला जरा वेळ लागला.

ठीक आहे, म्हणाले, लाभार्थ्यांचा फोटो छापायचाय, उद्या दहाला दुकानात या. येण्याआधी खाली ताईंना शर्ट दाखवून या, एवढंच म्हणाले.

आकाशी शर्ट इस्त्रीला दिलाय. साडेनऊला ताईंकडे जातो.