घडासाठी एक बर्थ

६ जानेवारी १९३६, फैजपूर
नवी डायरी आजपासून. पहिले पाच दिवस विचारात गेले, ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. यंदाचा निश्चय एकच. नागपूरच्या फळांच्या प्रदर्शनात केळीच्या घडाला चांदीचे पदक मिळवायचे.
विहिरीजवळच्या केळीला असा घड लागला आहे की येणारा-जाणारा थांबून बघतो. टेकू सौ.ने लावला, पाणीही तीच भरते. पण कधी भरायचे याचा विचार माझा.
आबांनी माझ्या शेतीला आजवर एकदाही बरे म्हटलेले नाही. इंग्रजी चौथी करून घरी आलो तेव्हा म्हणाले होते, "याले आता बैलाचं तोंड कोणतं ते दाखवा." वडील आहेत, बोलणारच. पण मला चाळिशी लागली, तरी तेच. फार लागते ते. त्यांनी एकदा 'शाबास पितांबर' म्हटले तर मला पदकही नको. (पदक अर्थातच हवे.)

८ जानेवारी
प्रवासाचा प्रोग्रॅम पक्का. मालाच्या डब्यातून घड पाठवला तर नागपूरला शिकरण पोचेल. थर्ड क्लासात लोक त्यावर बसतील. म्हणून सेकंड क्लास, रात्रीची गाडी, दोन बर्थ रिझर्व्ह. एका बर्थवर गादी घालून घड झोपेल. दुसऱ्यावर मी रात्रभर बसून पहारा करीन. सौ.ला मदतीला नेतो. ती कुठेही बसते.
आबांना सांगितले. म्हणाले, "झोपायले घरी खाट नही का?" मी झोपणार नसून जागणार आहे, हे समजावून सांगितले. म्हणाले, "मंग बर्थ काबर?"
वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये.

११ जानेवारी
भुसावळला जाऊन रिझर्व्हेशन केले. मेलचे करायला गेलो होतो, पॅसेंजरचे करून आलो. मेल धावते, घडाला हादरे बसतील. शिवाय मेल वरणगावला आणि बोदवडला थांबत नाही. वरणगावला माझी बहीण भागाबाई, बोदवडला चुलतभाऊ सुपडू, पुढे मलकापूरला सौ.चे झुलालमामा. आपण सेकंड क्लासातून जावे आणि सख्ख्या माणसांना नुसता धूर दिसावा, हे बरे नव्हे. दिखाऊपणा मला मुळात आवडत नाही. पण नाती जपावी लागतात.
खिडकीतल्या बाबूने दुसऱ्या बर्थसाठी नाव विचारले. घड म्हटले असते तर हसला असता. सौ.चे नाव दिले.

१३ जानेवारी
तिन्ही ठिकाणी कार्डे टाकली. 'अमुक रात्री सेकंड क्लासने जात आहे, सोबत प्रदर्शनाचा घड आहे, स्टेशनावर यावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांसही दाखवावा.' शेवटी 'फराळाची तसदी घेऊ नये' असे मुद्दाम लिहिले. असे लिहिले की लोक हमखास आणतात. वाटेतल्या जेवणाची काळजी मिटली. अशा बारीक गोष्टी मला आपोआप सुचतात.

१६ जानेवारी
काल रात्री मळ्यात जागरणाची प्रॅक्टिस. खाटेवर बसून होतो, डोळ्याला डोळा नाही. माझी झोप मुळातच फार सावध.
सकाळी शेजारच्या मळ्यातले कौतिकभाऊ सांगत आले, रात्री त्यांचे दोन बैल सुटले, माझ्या खाटेला अंग घाशीत उभे होते, चार माणसांनी आरडाओरडा करून नेले. मला सगळे ठाऊक होते. बैल बुजू नयेत म्हणून हललो नाही.

१९ जानेवारी
घड उतरवला. कौतिकभाऊंनी आणि सौ.ने खांद्यावर धरला, मी दिशा सांगितली. प्रदर्शनाच्या दिवशी सोनेरी रंग यायला हवा, म्हणून थंडीचा हिशेब करून आज उतरवा असा माझा निर्णय. सौ. तीन दिवस हेच म्हणत होती. तिला माझे विचार आधीच कळू लागले आहेत. इतक्या वर्षांच्या संसाराने एवढे तरी होणारच.
आबा येऊन घडाभोवती एक फेरी मारून गेले. काही बोलले नाहीत. हे चांगले लक्षण. नाहीतर काहीतरी बोलले असतेच.

२१ जानेवारी
शिंप्याकडून कोट आणला. डाव्या बाजूला पदकासाठी आतून दुहेरी कापड लावून घेतले आहे. सौ.ने विचारले, पदक नाही मिळाले तर? असल्या अपशकुनी प्रश्नांची उत्तरे मी देत नाही.

२३ जानेवारी, रात्री, गाडीत
बैलांच्या दमणीतून सावदा स्टेशन, तिथून भुसावळ. घडाला सौ.चे जुने लुगडे गुंडाळले आहे, वर शाल. हमाल विचारीत होता, आजी फार आजारी आहेत का.
डबा उत्तम. घड बर्थवर नीट निजला. सौ.ला बजावले : स्टेशन आले की मला सांग, मी खिडकीत उभा राहून घड दाखवीन, कोणाला हात लावू देणार नाही. ती म्हणाली, तुम्ही झोपलात तर? मी हसलो.
गाडी सुटली. हा दुसरा बर्थ घडाच्या बर्थइतकाच मऊ आहे की नाही हे तपासायला क्षणभर आडवा झालो आहे. आडवे होऊनही लिहिता येते. उशी बरी आहे. डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकला तर हादरा नेमका कुठे

२४ जानेवारी, नागपूर, धर्मशाळा
लिहवत नाही. तरी लिहितो.
जाग आली तेव्हा ऊन तोंडावर होते आणि हमाल माझा पाय ओढीत होता. नागपूर. समोरच्या बर्थवर शाल, लुगडे आणि घडाचा दांडा. दांड्याच्या शेंड्याला एक फणी. खाली, वर, सौ.च्या मांडीवर, सगळीकडे फडक्यांची गाठोडी.
सौ.ने सांगितले ते असे. वरणगावला भागाबाई आली, तीही एकटी नव्हे, अर्धी आळी घेऊन. शेजाऱ्यांना दाखवा असे कार्डात मीच लिहिले होते. थंडीत घोंगड्या पांघरून बायामाणसे उभी, प्रत्येकीच्या हातात डबा. कोणाचे भरीत, कोणाची कळण्याची भाकरी, कोणाचे मांडे. सौ.ने मला हलवले, चिमटा काढला, भागाबाईने खिडकीतून हात घालून टोपी ओढली. मी म्हणे "हो हो" म्हणून कूस बदलली. सगळ्यांनी कंदिलाच्या उजेडात मला पोटभर पाहून घेतले.
आता डबे रिकामे करून परत द्यायचे. रिकामा डबा परत कसा देणार? जवळ साखर नाही, गूळ नाही. केळी होती.
मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "माणसं थंडीत उभी राह्यली, अन् मी त्याहीच्या हाती रिकामा डबा देऊ? मले नही जमत ते."
बोदवडला तेच. मलकापूरला झुलालमामांनी तर घरी आलेल्या पाहुण्यांनाही डब्यांसकट आणले होते. शेगावला एका परक्या गृहस्थाने चुकून आमच्या खिडकीत डबा दिला, त्यालाही चार केळी. तो ओळखीचा नव्हता, म्हणालो. ती म्हणाली, डबा तर होता.
असल्या हिशेबाचा मला फार राग आला. त्या भरात उरलेल्या फणीतली पाच केळी खाल्ली. फार गोड होती. मग रडू आले. एवढा घड पुन्हा लागेल की नाही कोण जाणे, आणि आबांना आता काय तोंड दाखवू?

२५ जानेवारी
तरीही प्रदर्शनाला गेलो. नवा कोट घातला. अनुभवी परीक्षकाला दांड्यावरूनही घडाची कल्पना यावी, असा माझा मुद्दा होता. टेबलावरच्या गृहस्थांनी घड कुठे आहे म्हणून विचारले. म्हटले, वाटेत. त्यांनी मागे उभ्या असलेल्यांना पुढे बोलावले.
दुपारी भरीत-भाकरी खाल्ली. एवढी गाठोडी आहेत की परत जाईपर्यंत पुरतील. तो प्रोग्रॅम तरी बरोबर ठरला.
परतीचे तिकीट थर्डचे काढतो आहे. जागा राहण्याच्या दृष्टीने थर्डच चांगला.

२८ जानेवारी, फैजपूर
काल संध्याकाळी घरी पोचलो. ओट्यावर ही गर्दी. वरणगावचे दोघे, बोदवडहून सुपडू, मलकापूरचे झुलालमामा. आधी पोचून बसलेले. माझी फजिती आबांच्या कानावर घालायला आले असणार, असे वाटून पायरीवरच थांबलो.
तसे नव्हते. सगळ्यांना त्या केळीचे कंद हवे होते, आपापल्या मळ्यात लावायला. असे केळ आम्ही खाल्ले नाही, असे जो तो आबांना सांगत होता.
आबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "तीन गावांत घराण्याचं नाव काढलं. माह्या उभ्या जन्मात असं केळ कोणी पिकवलं नही. शाबास."
मला समोरचे दिसेना. तसाच पुढे होऊन पायावर डोके ठेवायला वाकलो. आबांनी मला हाताने हळूच बाजूला सारले, मागे दारात गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या सौ.ला म्हणाले, "ये सूनबाई, बस आधी. रात्रभर जागली म्हणे तू."
मग माझ्याकडे वळले. चौकशी माझीही केली. म्हणाले, "तुले लागली का रे झोप चांगली?"