मेन स्विचवरची टोपी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजवा कोपराखाली काढावा लागला, हे भाऊजींनी सांगितलंच असेल. वीज हातातून शिरली आणि तळपायातून बाहेर पडली. आत काय काय जळलं ते डॉक्टरांनाही लगेच कळलं नाही. मांडीची कातडी काढून खांद्यावर लावली आहे. ड्रेसिंगच्या वेळी मी एवढा बोंबलतो, की शेजारच्या खाटेवरचे आजोबा आधीच कानात बोळे घालून बसतात.

आता कामाचं. कारखाना नुकसानभरपाई द्यायला तयार नाही. मी मेन स्विच बंद न करताच पॅनेलला हात घातला म्हणे! ताई, मी स्विच खाली ओढून बंद केला आणि नेहमीसारखी माझी टोपी त्याच्या दांड्याला अडकवली. टोपी दिसली की वायरमन कामावर आहे, स्विचला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक. नंतर ती दाराजवळच्या खुंटीवर सापडली. कुणी काढली? भाऊजी त्या पाळीचे सुपरवायझर, त्यांना जरा चौकशी करायला सांग. भरपाई नाही मिळाली तर नकली हातही नाही आणि घरही चालायचं नाही.

माझी टिल्ली तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटत असेल. तिला पापा.

तुझा,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टिल्लीचा पुढचा दात पडला. बाबाला दाखवायचा म्हणून डबीत जपून ठेवलाय.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते. टोपीपाशी आले तसे हे ताटावरून उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. मी पाठोपाठ गेले, तेव्हा सांगितलं. टोपी यांनीच काढली. यंत्रं बंद होती, मालकाचे फोनवर फोन येत होते. तू दिसला नाहीस. काम उरकून चहाला गेलास आणि टोपी विसरलास, असं यांना वाटलं. टोपी विसरणं तुझं नेहमीचंच, आमच्याकडेही कितीदा विसरलायस. यांनी ती नीट खुंटीला अडकवली आणि स्विच वर केला. तू पॅनेलच्या मागे होतास.

खरं सांगितलं तर यांची नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील. एकीकडे तू, एकीकडे हे. तू म्हणशील तसं करू, एवढंच मला लिहिता येतं, आणि तेही धड मनापासून नाही. रडून रडून डोकं चालेनासं झालंय.

तुझी,
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा राग येतो. मग आठवतं, गाडीतून इथवर आणताना माझं डोकं त्यांनीच मांडीवर धरलं होतं.

भरपाईसाठी धरलेल्या वकीलबाई म्हणाल्या, स्विचला टोपी नव्हे, कुलूप हवं, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मालकाने ते कधी दिलंच नाही, म्हणून भरपाई त्याच्याच माथी. पण स्विच कुणी वर केला हे पुढे आल्याशिवाय माझ्यावरचा ठपका जात नाही. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मग तुझी भावजय मला घास भरवत होती, आणि मनात आलं, हिने हे जन्मभर करायचं? भाऊजींचं नाव मी दिलं. ताई, तुला न विचारता दिलं.

तुझा,
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

समन्स आलं. वाचून हे ढसाढसा रडले; मग म्हणाले, बरं झालं, माझ्याने आपणहून झालं नसतं. साक्षीत सगळं खरं सांगून आले. वकीलबाई म्हणतात, भरपाई मिळेल. मालकाने यांना दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. आता म्हणे प्रत्येक स्विचला कुलूप लागलंय.

मी रागावले नाही असं लिहायला घेतलं होतं. पण तुला खोटं कशाला लिहू? तू बरोबर केलंस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. तरी पोळ्या लाटताना मधेच तुझा राग येतो, आणि मग तुझा हात आठवून माझी मलाच लाज वाटते.

टिल्लीला शनिवारी शेजारच्या काकूंबरोबर धाडते. हॉस्पिटलातून सुटलास की आमच्याकडे इतक्यात येऊ नकोस. हे तुझ्यासमोर उभे राहू शकणार नाहीत, आणि मला तुम्हा दोघांकडे एकदम बघवणार नाही. माया होती तेवढीच आहे. मी बोलावीन तोवर ती लांबूनच घे.

तुझी,
ताई