हिरवं इंजिन गुणगुणतंय

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून नवा माणूस. चिडायचं नाही. तिच्याकडे एका वेळी तीन सेकंदांपेक्षा जास्त बघायचं नाही. घाबरायचं नाही. तसा मी घाबरत नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.

दुपारी १.१५
ती मावशीकडे गेली. रविवारी परत. जाताना मला पाकीट दिलं!! दुकानाचंच खाकी पाकीट, ज्यात आम्ही मोटरचे सुटे पार्ट घालून देतो. पण बंद. वरून टेप. म्हणाली, "नीट वाच, घाई करू नकोस. आणि यातलं काही बाबांना विचारत बसू नकोस, ते भडकतात."
बाबा म्हणजे आमचे मालक. मुलीने मुलाला बंद पाकीट द्यायचं आणि वर बाबांपासून लपव म्हणायचं, याचा अर्थ लावायला डिग्री लागत नाही. (बरंच आहे.)

दुपारी ४
उघडलं नाही. घाबरलो म्हणून नव्हे. नकार असेल तर? नसणारच. पण असला तर? आधी काहीतरी करून दाखवायचं, मगच उघडायचं. पाकीट शर्टाच्या खिशात, डाव्या बाजूला. खिशाचं बटण लावलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११
दुकान मॉडेल रेल्वेचं. 'खेळण्यातली गाडी' म्हटलं की मालक दोन तास बोलत नाहीत. मी रूळ पुसतो, चाकांना तेल देतो. ती तीन केसांच्या ब्रशने इंजिनांवर नंबर रंगवते आणि रिपेअर झालेलं प्रत्येक इंजिन चालवून बघते. हा आठवडा टेस्टिंग माझ्याकडे. मालक म्हणाले, "काय इंजिनिअर, जमेल ना? तिने सगळं सांगितलंय ना तुला?" म्हटलं, सगळं.
ते मला इंजिनिअर म्हणतात. मी दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं हे त्यांना माहीत नाही. मी सोडलं, मला काढलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, एसी आणि डीसीत फरक काय. म्हटलं, असले प्रश्न मला विचारू नका, आणि दार आपटून निघालो. उत्तर येत होतं. साधारण.

दुपारी ३
या आठवड्यातलं मुख्य काम: शिक्षिकाबाईंचं हिरवं इंजिन. रिटायर्ड आहेत, चष्म्याला दोरी. त्यांच्या मिस्टरांचं इंजिन. ते दर रविवारी चार वाजता चालवायचे. ते गेल्यापासून इंजिन डब्यात होतं. बाई मला म्हणाल्या, "रविवारी चारला येते रे. एक चक्कर झाली तरी पुरे. आवाज ऐकायचाय." मी म्हटलं, बाई, दहा चकरा.
दहा का म्हटलं कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी १०.३०
मालक गिऱ्हाईकाकडे रूळ बसवायला गेले, शनिवारपर्यंत. दुकान माझ्या ताब्यात.
तिचा फोन!! "वाचलंस का?" म्हटलं, अक्षर न् अक्षर. "समजलं?" म्हटलं, मला आधीपासून तसंच वाटत होतं. म्हणाली, "मग विचारायचंस ना! सहा महिने वाट बघतेय, तू कधी विचारशील म्हणून." मला बसावं लागलं. शेवटी म्हणाली, "हिरव्याला जप." सोमवारी मी हिरवा शर्ट घातला होता. तिच्या लक्षात आहे.

११.४५
कपाटात पाच पॉवर सप्लाय. एकावरचाही आकडा वाचता येत नाही, सगळे पुसलेत. तिला पाठ आहेत. एक करडा, सामान्य. एक मोठा पांढरा, बागेतल्या गाड्यांचा. आणि एक काळा, वजनदार, पुढे हे एवढं बटण. बघताक्षणी कळतं की खरा माणूस काळाच उचलेल. वायर रुळाला बरोबर बसली. बसते म्हणजे चालते.

१२.०५
हललं नाही. पण गुणगुणतंय! म्हणजे जीव आहे. इतकी वर्षं डब्यात होतं, अंग आखडलंय. गरम व्हायला वेळ द्यायला हवा. बटण अर्ध्यावर नेलं. गुणगुणणं वाढलं. चहा पिऊन येतो.

१२.३०
धूर.

१२.५०
खिडक्या उघडल्या. पंखा लावला. हिरव्या इंजिनाच्या पोटातून तपकिरी काहीतरी बाहेर आलंय. हात लावला, भाजला. ओरडलो ते भाजल्यामुळे.

२.१०
वास जात नाही. सोल्डरिंग गन लावून अर्धी डबी रोझिन, म्हणजे सोल्डरिंगची राळ, जाळलं, म्हणजे वास कामाचा वाटेल. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून म्हणाला, "काय जाळलंस?" मी त्याला बरंच बोललो. संकल्प क्रमांक एक गेला.
चूक माझी नाही. इंजिन म्हातारं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८
झोप नाही. आई म्हणाली, "ताप आहे का? तोंड बघ केवढंसं झालंय." म्हटलं, कामाचा लोड. म्हणाली, "तू? काम?" आईशी दोन दिवस बोलणार नाही.
सारखे बाईच दिसतात. चष्म्याची दोरी. "आवाज ऐकायचाय." पाकीट उघडावं का? नको. आज नकार वाचला तर मी इथेच कोसळेन.

दुपारी १
मोटर उघडली. तारेचा कोळसा. दुकानाचा फोन वाजला की मी रूळ पुसायला घेतो. तीनदा वाजला. उचलला नाही. चौथ्यांदा उचलला, तर राँग नंबर. त्याच्याशीही भांडलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२
जमलं! मी उगाच घाबरत होतो. (घाबरत नव्हतो.)
प्लॅन: हिरव्याला स्वतः चालायची गरजच काय? मागे मालडबा लावायचा. डबा आतून पोकळ करायचा, त्यात दुकानातलं छोटं लाल इंजिन लपवायचं. लाल ढकलेल, हिरवं चालल्यासारखं दिसेल. लाल करड्यावर चालतं, तिला चालवताना पाहिलंय. असले विचार कॉलेजात शिकवत नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ५
डबा कापला. लाल आत बसलं, थोडं टोक दिसतं. कापूस लावला. मालक परतले. नाक वर करून म्हणाले, "सोल्डरिंग कशाचं केलंस?" म्हटलं, सरावाचं. "आणि बाईंचं इंजिन?" म्हटलं, गुणगुणतंय. खोटं बोललो नाही.
एकच गणित राहिलं. करडा सप्लाय एका इंजिनासाठी. इथे ओझं दोघांचं. म्हणजे व्होल्ट दुप्पट. म्हणजे पांढरा. चालवून बघितलं नाही, मालक समोर होते.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.३०
ती आली. केस कापलेत. तीन सेकंद. बाई आल्यात, नवी साडी, मांडीवर पर्स. मालक हाताची घडी घालून उभे. माझ्या कानात ढोल वाजतोय. देवा, एकच चक्कर. दहा नको, मी चुकून म्हटलं होतं.

सायंकाळी ६
पांढऱ्याचं बटण फिरवलं. गाडी सुटली. सुटली म्हणजे बंदुकीतून सुटली. पहिल्या वळणावर रूळ डावीकडे गेला, गाडी सरळ गेली. टेबलाच्या काठावरून हवेत, आणि बाईंच्या पर्सवर. डबा फुटला. कापसातून लाल इंजिन बाहेर आलं, चाकं अजून फिरत होती.
मग तिने विचारलं, "पांढरा का लावलास?" म्हटलं, दोन गाड्या होत्या म्हणून. "आणि हिरव्याला?" म्हटलं, काळा. ती इतक्या हळू म्हणाली की जास्त भीती वाटली, "पाकीट कुठाय?"
खिशातून काढून दिलं. टेप तशीच. तिने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तीन सेकंदांपेक्षा खूप जास्त. मग फाडून सगळ्यांसमोर वाचलं.
"काळा सप्लाय एसी. फक्त तीन रुळांच्या जुन्या इंजिनांना. बाकी सगळी डीसीवर. हिरवं: करडा, बारा व्होल्ट. काळ्यावर ते चालत नाही, नुसतं गुणगुणतं आणि जळतं. गुणगुणलं तर त्याच क्षणी बंद कर. डबे वाढले म्हणून व्होल्ट वाढवायचे नसतात. तू कॉलेज सोडलंस हे बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणून सोपं करून लिहिलंय."
खाली तिची सही. बाकी काही नाही. मागची बाजूही मी बघितली.
मालकांनी माझी कॉलर धरून मला बाईंसमोर उभं केलं, आणि मी स्वतःहून सगळं कबूल केलं. बाईंनी हिरवं इंजिन उलटं करून नाकाला लावलं. म्हणाल्या, "हाच वास. आमचे हे पण दोनदा जाळून बसले होते. मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, शेजारून येतोय." मग चष्मा काढून पुसत बसल्या. हसत होत्या की काय, कळलं नाही. मला मात्र रडू आलं. रोझिनचा धूर अजून डोळ्यांत असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११
काढलं नाही मला. मालक मोटर नव्याने गुंडाळतायत, केसाएवढी तार. बाई पुढच्या रविवारी चारला येणार. माझं काम वेढे मोजणं. एका बाजूला दोनशे दहा. एकही चुकायचा नाही.
तिने दुसरं पाकीट आणून दिलं. या वेळी उघडं. म्हणाली, "इथेच वाच. मोठ्याने." वाचलं: "मोजताना वर बघू नकोस."
वर बघितलं. मालकांनी विचारलं, किती झाले? आठवेना. तार सोडवली. पहिल्यापासून.