पडलेल्या माणसाकडे बघणं

दुरांगो, मेक्सिको
९ मार्च १९७४

ती. सावावहिनीस,
तेइजीचा सा. न. वि. वि.

रोमच्या सिनेमात डॉक्टर होतो, मनिलाच्या सिनेमात गुंड, इथे दरोडेखोर. काल बंदुकीच्या दस्त्याने एकाचं तोंड फोडायचं होतं. माझा हात दर वेळी अर्ध्यावर अडला. दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडला, की जपानहून खाटीक मागवला होता, ही नर्स कोणी पाठवली?

क्योतोला चित्रीकरणात माझ्याशी लढताना इवाओदादा गेला, तेव्हापासून हे असंच आहे. सिनेमा सोडून क्योतोला परत येतो. तुम्ही हो म्हणा.

आपला,
तेइजी


क्योतो
२४ मार्च

चि. तेइजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. स्टुडिओत नटांना केसांचे टोप बसवायचं माझं काम चालू आहे.

तुझी तलवार ह्यांना लागलीच नव्हती. ह्यांचा पाय घसरला आणि पायरीच्या दगडाने कवटी फुटली. दिग्दर्शकाचं 'थांबा' ऐकेपर्यंत मेलेल्याने हलायचं नाही, ही आपल्याकडची शिस्त. हे हलले नाहीत. रक्त आम्हाला रंग वाटलं. काय सुरेख मेला, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. मग टोप काढायला गेले, तर तो कवटीला चिकटला होता.

तुझे सिनेमे मी बघते. मनिलाच्या सिनेमात तू एकाला भोसकतोस आणि त्याच्या छातीवरून नजर हलवत नाहीस. शेजारची बाई म्हणाली, मेला कसा राक्षसासारखा बघतोय! तू त्याचा श्वास बघत होतास, हे मला कळलं.

परत येऊ नकोस. मार, ह्यांनी शिकवलं तसं जोरात मार. मात्र 'थांबा' झालं की कोणी टाळी वाजवायच्या आत त्याला उठव.

तब्येतीला जप. आठवण असू दे.
सावा


दुरांगो
१५ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न.

पुढे ढकललेला तो प्रसंग आज झाला. मारलं. ज्याचं तोंड फोडायचं होतं, त्या रामिरोच्या गालाला दस्ता चाटून गेला. तोंडातली पिशवी फुटून लाल रंग माझ्या डोळ्यांत उडाला. तो गोणीसारखा कोसळला.

'थांबा' ऐकताच धावलो. छातीवर कान लावला, गळपट्टी धरून त्याला गदागदा हलवलं. रामिरोने एक डोळा उघडला आणि खेकसला, की मारायचं तेवढं मारलंस, आता गळा कशाला आवळतोस, गाढवा? ऊठ अंगावरून, जेवण गार होतंय!

मी उठवलं त्याला. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिलो. दोन घास जास्तच खाल्ले त्याने, मला शिव्या देत.

उद्या त्याला विहिरीत ढकलायचं आहे. ढकलतो.

माया आहे तशी राहू द्या.
तेइजी