शेडपर्यंत नेलेली वायर

प्रिय निलेश,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आता मुकाट्याने वाच.

बेडशात सगळं ठीक आहे. भाताची लावणी उरकली. तुझ्या पाहुण्यांनी मागच्या खेपेस अंगणात बाटल्या टाकल्या होत्या, त्या मीच उचलल्या. आणि माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय आलंय. हस, खुशाल हस. मी मागितलं तेव्हाही हसलाच होतास. तुला वाटलं, म्हातारीला मालिका बघायच्यात.

सोपं नव्हतं बरं. उन्हाळ्यात शेजारच्या हनुमंतभाऊंनी घरातलं नेट पुढे पोचवणारा एक छोटा डबा आणून शेडमध्ये लावला. पश्चिमेची बाजू उघडी होती, तिकडून घरातलं नेट छान यायचं. पण पावसाळा जवळ आला तसे मी सवयीने त्या बाजूला पत्रे ठोकून घेतले. आपल्याकडची झड तुला ठाऊक आहे, अंथरूणसुद्धा भिजवते. पत्रे लागले आणि नेट गेलं! मी डब्याला शिव्या घातल्या. हनुमंतभाऊ आले, पत्र्यावर टकटक करून म्हणाले, "वहिनी, डब्याचा दोष न्हाई. पत्र्यातनं रेंज आत येत न्हाई. घरापासनं वायरच आणावी लागंल." मग आम्ही दोघांनी अंगण उकरलं. ठिबकची जुनी काळी नळी पुरली, तिच्यातून वायर ओढली आणि आत दुसरा डबा बसवला. माझी कंबर अजून दुखते, पण मजा आली.

तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला? निलेश, घराचं होमस्टे केलंस तेव्हा तू म्हणालास, आई, सीझनपुरती शेडमध्ये झोप. मी गेले. लेकाचा धंदा आहे, चालायचंच. पण तुझा सीझन काही संपेना. उन्हाळ्यात लोकांना गारवा हवा, पावसात धबधबे, थंडीत लेणी. जिथे आपल्या म्हशी बांधायचो तिथे माझी खाट, आणि मधल्या खोलीत, जिथे तुझे वडील गेले, तिथे अनोळखी माणसं पत्ते खेळतात. त्या घराच्या जोत्याची वाळू मी डोक्यावरून वाहिली आहे. तेव्हा तू पोटात होतास. मला राग आला होता, आणि वाईटही फार वाटलं होतं. तू एकदाही विचारलं नाहीस.

आठवतं, शिमग्याला मी म्हणाले होते, पाहुण्यांना शेडमध्ये ठेव, मी घरात झोपते? तू म्हणालास, "आई, बाकी सगळं जमेल गं, पण शेडमध्ये नेट येत नाही. नेटशिवाय पाहुणा एक रात्र राहत नाही." दुसरी अडचण तू सांगितली नव्हतीस. नेटची ती एकच अडचण मी काढून टाकली. काल हनुमंतभाऊंनी माझी खाट मधल्या खोलीत आणून दिली. शेड शेणाने सारवली आहे, तुझ्या चांगल्या गाद्या तिथे घातल्यात, दाराबाहेर पासवर्ड लिहिलाय. शनिवारी तुझे पाहुणे येतील, त्यांना तिकडेच ने. घराला आतून कडी असेल. तू एकटा आलास तर वाजव, भाकरी टाकते.

मधल्या खोलीतून,
तुझीच
आई