बदलीला माणूस नाही

प्रिय बुटके,

तू उशाशी ठेवून गेलेली सफरचंदं मी वॉर्डातल्या बायकांना वाटून टाकली. कापायला दुसरा हात लागतो ना! उजवा शाबूत आहे म्हणून हे पत्र तरी लिहितेय. डाव्याची दोन बोटं गेली ती गेलीच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक ढसाढसा रडली. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो तुझाच आला.

तुझा तो बोर्ड डोळ्यांसमोरून हलत नाही बघ. सुपरवायझर झाल्यावर पहिल्याच सीझनला तू तो पॅकिंग हॉलच्या दारात लावलास. सणासुदीच्या धामधुमीत अंगात ताकद हवी, नाश्ता चुकवू नका, थोड्या थोड्या वेळाने खा, नुसत्या गोडावर राहू नका, पाणी भरपूर प्या. शेजारी हसऱ्या गाजराचं चित्र. अगं, मला कौतुकच वाटलं होतं. म्हटलं, खुर्ची मिळाली तरी आपल्या बुटकीला पोटं आठवतात. आणि त्याच आठवड्यात तू बदलीची बाई काढून घेतलीस. भेटवस्तूंचे ढीग साचलेत म्हणून तिलाही खोकी भरायला जुंपलंस. आपल्या जागी कुणी उभं राहिल्याशिवाय खोक्यांचा सरकता पट्टा सोडायचा नाही, हा नियम तुला पाठ आहे. मग खायचं कधी गं? त्या गाजराला विचारून?

आपण एका टेबलावर होतो तेव्हाही सीझन असायचाच की. पण मी माझ्या लांब हातांनी दोघींची खोकी ओढायचे आणि तू खाली बसून जेवून घ्यायचीस, मग माझी पाळी. माझ्या डब्यातलं चांगलंचुंगलं आधी फस्त करायचीस आणि वर मीठ कमी म्हणून नाक मुरडायचीस! एकदा जुना सुपरवायझर आला म्हणून तू चहाचा कप खोक्यात लपवलास आणि तो तसाच पॅक होऊन कुणाच्या तरी घरी गेला. हसून हसून पोटात दुखलं होतं आपल्या. ती तू कुठे गेलीस, मला खरंच कळत नाही.

यंदा पोरी बिस्किटं आणि गोड चहा ढोसून दिवस काढत होत्या. मीही तेच केलं. त्या दिवशी तेवढंही मिळालं नाही. चक्कर येऊन पडले ती नेमकी खोक्यांना पट्टी आवळायच्या मशीनवर. आणि हॉलभर तू काय सांगितलंस, तर हिला बारीक व्हायचं वेड आहे, मुद्दाम उपाशी राहते! माझ्या या हाडांच्या सापळ्याला अजून बारीक व्हायचंय म्हणे. लाज नाही वाटली? वर इथे येऊन रडलीस. म्हणालीस, नवरा घरी बसलाय, कमावणारी मी एकटी, चौकशीत तूही तेच उपाशी राहण्याचं सांग. मी गुंगीत होते आणि तुझं रडणं मला कधीच बघवलं नाही. मी मान हलवली.

तो होकार मी परत घेतेय. उद्या चौकशीचे साहेब येणार आहेत, आणि त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. कदाचित तुझी नोकरी जाईल. वाईट वाटतंय गं, फार वाईट वाटतंय, पण बोटं माझी गेलीत. मी त्यांना सगळं सांगणार आहे. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा मी तुला हाक मारली होती. दोन घास खाऊन येते, तेवढ्यापुरती माझ्या जागी उभी राहा, एवढंच म्हणाले होते. तू माझ्याकडे नीट पाहिलंस आणि पट्ट्याचा वेग वाढवलास.

अजून तरी तुझीच,
लंबू